यमुना, भातकुली

यमुना, भातकुली. मी ज्यांच्यामुळे शिकलो, त्यांचं हे नाव. आडनाव नाही, पुढे बाई नाही की ताई नाही, एवढंच. अकोल्याच्या आमच्या विद्यार्थी गृहात त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं काढली, आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या आम्हा मुलांपैकी एकालाही हे नाव माहीत नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या त्या मावशी. मला नाव कळलं ते त्या जाण्याच्या महिनाभर आधी, तेही मी पत्र लिहून विचारलं म्हणून. सव्वीस वर्षांची ओळख, आणि नाव विचारायलाही तेवढीच वर्षं लागली… हे लिहिताना लाज वाटते, पण सुरुवात तिथूनच करायला हवी.

बातमी आली तेव्हा मी अमरावतीला, आमच्या कॉलेजात, परीक्षेच्या हॉलमध्ये होतो. पर्यवेक्षकाला मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. पेपर गोळा करून स्टाफरूममध्ये आलो तर प्रकाशभाऊंचे पाच कॉल येऊन गेलेले. प्रकाशभाऊ विद्यार्थी गृहात माझ्या एक वर्ष पुढे होते. आता गृहाची व्यवस्था तेच पाहतात. मी फोन लावला. ते म्हणाले, ‘मावशी गेल्या रे. सकाळी तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. आज किती ताटं मांडू, विचाराले गेलो, तं…’ मावशींनी काम सोडून पंधरा वर्षं होऊन गेली होती, तरी किती ताटं मांडायची हे रोज सकाळी त्यांनाच विचारलं जायचं. त्यांना विचारल्याशिवाय त्या घरात भाकरीचं पीठ मळलं जात नसे.

मावशींबद्दल सांगायचं तर आधी समबंधू मंडळाबद्दल सांगावं लागेल. अमरावतीबाहेरच्या वाचकांना मंडळ फारसं माहीत नसेल, आणि अमरावतीतल्यांना जे माहीत आहे त्यातलं बरंचसं खरं नसेल. अमरावतीत कॅम्प भागाकडे जाताना कडुलिंबाच्या झाडांमागे जी बसकी कौलारू इमारत दिसते ते मंडळाचं बैठकघर. लोक त्याला मुक्यांचा बंगला म्हणतात, कारण आत काय चालतं ते तिथून बाहेर येणारा माणूस कधी सांगत नाही. आत माणसाची कवटी ठेवली आहे, असं मी लहानपणी अंजनगावातही ऐकलं होतं. मी स्वतः मंडळाचा सभासद आहे, तेव्हा एवढं सांगायला हरकत नाही की आत कवटी नाही. एक लांब खोली आहे, दोन्ही बाजूंना खुर्च्या, मध्ये एक समई आणि एक नोंदवही.

वऱ्हाडात कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहत होते त्या काळात काही कारकून, एक वकील, एक शाळामास्तर आणि एक रेल्वेचा गार्ड यांनी मिळून मंडळ काढलं. कचेरीत नवा माणूस आला की पहिल्यांदा त्याचं आडनाव विचारलं जाई, आणि त्यानं कुठल्या माठातलं पाणी प्यायचं ते त्यावरून ठरे. या मंडळींनी ठरवलं, निदान आपल्या एका खोलीत तरी आडनाव नको. दारावर तीन टकटक करायची, आतून ‘कोण?’ असं विचारलं की फक्त नाव आणि गाव सांगायचं. नोंदवहीत तेवढंच लिहायचं. एकमेकांना बंधू म्हणायचं. बैठकीतलं बाहेर सांगायचं नाही. आणि दान केलं तर देणाऱ्याचं नाव भिंतीवर, पाटीवर, कुठंही घालायचं नाही. माझं आडनाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग बोलतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यामुळे मंडळाचा हा पहिला नियम मला कळला तेव्हा काय वाटलं असेल, ते ज्याला असं थांबणं सोसावं लागलं त्यालाच कळेल.

पुढे अकोल्यात, अचलपुरात, अंजनगावात बैठका निघाल्या. अचलपुरात तापाची साथ येऊन गेली आणि पोरकी झालेली मुलं सांभाळायला तिथल्या बंधूंनी बालगृह काढलं. तिथून मंडळाच्या घरांची सुरुवात झाली. मग अकोल्याला खेड्यांतल्या कॉलेजकुमारांसाठी विद्यार्थी गृह, अमरावतीला वृद्धाश्रम. आज अंजनगावच्या बैठकघरात कुरिअरवाल्याचं गोदाम आहे, अचलपूरचं सभागृह लग्नाला भाड्यानं जातं. अमरावतीत आम्ही सात बंधू उरलो आहोत, आणि पंचेचाळिशीला आलेला मी त्यातला सर्वांत लहान. पण तिन्ही घरं मात्र चालू आहेत. बैठका मिटत गेल्या आणि घरं टिकली, याचं कारण मला फार उशिरा समजलं. आणखी एक नियम होता, तो कुठं लिहिलेला नव्हता. बैठकीच्या खोलीत बाई जात नसे. का जात नसे, याचं कारण नोंदवहीत नाही. कारण द्यावं असं बहुधा कुणाला वाटलंच नसेल.

माझे वडील अंजनगावच्या पानमळ्यात मजूर होते. विड्याच्या पानांचे वेल बांधून बांधून त्यांच्या बोटांची नखं कायम हिरवी असत. बारावीनंतर आमच्या सरांनी विद्यार्थी गृहाचा अर्ज आणून दिला. तो दाखल्यापायी अडकला आणि मुदत संपल्यावर पोस्टात पडला. उत्तराची वाट पाहण्यात कॉलेज सुरू व्हायची वेळ आली, म्हणून वडील म्हणाले, चाल, जाऊन तर पाहू. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ते आणि मी अकोल्याच्या दारात उभे राहिलो तेव्हा बुटक्या, सावळ्या, पदर कमरेला खोचलेल्या एक बाई अंगणात तूर पाखडत होत्या. मंजुरीचं पत्र आलं का म्हणून त्यांनी विचारलं. नाही म्हणताना वडिलांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, ‘पत्र काय, यून राहिलं असन. हात धुवा, जेवाले बसा. गाव कोनतं?’ अंजनगाव, मी म्हणालो. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी अंजनगाव झालो. त्या सगळ्या मुलांना गावाच्या नावानंच हाक मारत. ‘ए तेल्हारा, दळन आन. ए अंजनगाव, त्या दर्यापूरले उठव.’

त्या पहिल्या जेवणाला मला त्या घराची रीत कळली. माझ्यापुढे जे ताट आलं त्याच्या काठावर भांड्याच्या दुकानात कोरतात तसं नाव कोरलेलं होतं, ‘लक्ष्मण, बार्शीटाकळी’. मी घास उचलणार तेवढ्यात शेजारी बसलेले प्रकाशभाऊ म्हणाले, ‘थांब, आधी विचार, हे कोन?’ मी विचारलं. त्यांनी सांगितलं, लक्ष्मण हा बैलगाडी हाकणारा माणूस होता; नदीपलीकडच्या एका मुलाला तो पावसाळाभर गाडीत बसवून शाळेच्या काठाला सोडत असे. तो मुलगा पुढे इथे राहून शिकला आणि ओव्हरसिअर झाला. रीत अशी, की इथून शिकून गेलेल्यानं पहिल्या पगारात गृहाला एक ताट द्यायचं. त्यावर स्वतःचं नाव घालायचं नाही. ज्याच्यामुळे आपण शिकलो त्याचं नाव आणि गाव घालायचं. आणि नवा मुलगा आला की ज्या ताटात तो पहिल्यांदा जेवेल त्यावरचा माणूस कोण, हे त्यानं विचारायचं आणि जुन्यानं सांगायचं. कुणाची आई, कुणाचे मास्तर, कुणाची मोठी बहीण… रोज वेगळं ताट यायचं, रोज कुणाचं तरी नाव वरणाखालून वर यायचं. त्या कपाटातली माणसं मला अजून तोंडपाठ आहेत.

वडील दुसऱ्या दिवशी परत गेले. मी व्हरांड्यात पेटीवर वळकटी टाकून दोन दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळीच मावशी भातकुलीला भावाकडे जाऊन येते म्हणून एसटीनं गेल्या. मी तिथे होतो त्या तीन वर्षांत त्या गृह सोडून गेल्या तो एवढाच एक दिवस, आणि त्या दिवशी मुलांनी भाकरी करपवल्या म्हणून तो सगळ्यांच्या लक्षात राहिला. संध्याकाळी परत आल्या, पाणी प्यायल्या, आणि मला म्हणाल्या, ‘पेटी उचल. सैपाकघराजवळची खोली तुही.’ चार दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. खाली सही होती, ‘विश्वनाथ, अमरावती’. हे तेव्हाचे मंडळाचे अध्यक्ष. ते पत्र मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कितीतरी वर्षं जपलं.

मावशी स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. जोडून जोडून वाचत, पण वाचलेलं विसरत नसत. परीक्षा जवळ आली की एकेकाला डाळ निवडायला बसवून घेत आणि म्हणत, काय शिकला ते सांग. मी इतिहासाचा विद्यार्थी. एकदा मी मोठ्या उत्साहानं कुठल्याशा राजाच्या स्वाऱ्या सांगत होतो. त्या ऐकत होत्या, खडे बाजूला काढत होत्या. मग म्हणाल्या, ‘लढायाच लढाया सांगून राहिला तू. त्याच्या घरी सैपाक कोन करे, ते सांग.’ मी म्हणालो, ते पुस्तकात नाही. ‘मंग पुस्तक अर्धंच हाये,’ असं म्हणून त्यांनी सूप झटकलं. पुढे मी इतिहासाचा प्राध्यापक झालो. दरवर्षी पहिल्या तासाला मी हा प्रश्न वर्गात विचारतो, आणि तो मला कुणी शिकवला ते सांगत नसे.

नोकरी लागली तेव्हा ताट घ्यायची वेळ आली. मी वडिलांना म्हणालो, तुमचं नाव घालतो. ते म्हणाले, ‘म्या काय केलं? ज्यानं जागा देल्ली, त्याचं टाक.’ मला ते पटलं. चांगलं जाड, जड ताट घेतलं आणि त्यावर ‘विश्वनाथ, अमरावती’ असं कोरून घेऊन अकोल्याला गेलो. मावशींनी ताट हातात घेतलं, काठ बोटानं चाचपला आणि रीतीप्रमाणे विचारलं, ‘कोन हे?’ मी सांगितलं, अध्यक्ष, ज्यांनी मला जागा दिली ते. त्या म्हणाल्या, ‘हो काय. चांगलं केलं. जड हाये ताट.’ आणि त्यांनी ते धुऊन चळतीत ठेवलं. एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं, ते आठवायचा मी गेल्या काही आठवड्यांत पुष्कळ प्रयत्न केला. आठवत नाही. मी ताटाकडेच पाहत होतो.

दहा वर्षांपूर्वी मला मंडळात घेतलं. त्या दिवशी मावशी तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन मुद्दाम अमरावतीला आल्या. मी नवा सदरा घालून दाराशी उभा, आणि त्या बाहेरच्या ओट्यावर बसल्या. उन्हाचं कशाला बसता, आत ऑफिसात खुर्ची आहे, असं मी म्हणालो. ‘तू जाय आत,’ त्या म्हणाल्या. ‘मले हा ओटा सवयीचा हाये.’ मी तीन टकटक केली, नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि आत गेलो. सवयीचा कसा, हे विचारायचं मला सुचलं नाही.

गेल्या वर्षी आमचे आताचे अध्यक्ष, बंधू माधव, मला म्हणाले की तू इतिहासाचा माणूस, आम्ही सगळे आता पिकली पानं, मंडळाचा नि त्याच्या घरांचा इतिहास लिहून ठेव. बंधू माधव ऐंशीच्या पुढचे, निवृत्त शाळामास्तर. त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. मी वर्षभर नोंदवह्या वाचल्या आणि चाळीस पानं लिहिली. कोणत्या बैठकीला कोण अध्यक्ष, कोणत्या घरासाठी कुणी जागा मिळवली, सगळं आलं. मग एका दुपारी केवळ हौसेनं, माझं नाव मंडळाच्या वहीत कसं आलं आहे ते पाहावं म्हणून, मी माझ्या प्रवेशाच्या वर्षाची वही उघडली. माझा अर्ज मुदतीनंतर आल्यामुळे आणि जागा भरल्यामुळे नामंजूर झालेला होता. नकाराचं पत्र अकोल्याला रवाना, अशी नोंद होती. त्याच्यानंतर लगेच पुढच्या बैठकीत हे लिहिलेलं होतं: ‘व्यवस्थापिका बाई अकोल्याहून आल्या असून दुपारपासून दाराबाहेर ओट्यावर बसून आहेत. दोनदा निरोप पाठवूनही उठत नाहीत. जागा नाही असे कळवले असता, माझी खोली आहे असे सांगतात. सबब अंजनगावचा अर्ज मंजूर.’

म्हणजे त्या दिवशी त्या भातकुलीला गेल्याच नव्हत्या. नकाराचं पत्र त्यांच्या कमरेला होतं आणि मी व्हरांड्यात पेटीवर बसून मंजुरीची वाट पाहत होतो. मी वही मिटली. समोर माझी चाळीस पानं पडली होती आणि त्यांत स्वयंपाक कोण करे, हे कुठंच नव्हतं.

मला दोन गोष्टी करायच्या होत्या. हे मावशींना मला कळलं आहे असं सांगायचं होतं, आणि त्या असेपर्यंत ताट दुरुस्त करायचं होतं. त्यांचं वय झालं होतं, पाय सुजत होते, वेळ फार नव्हता. पण बैठकीतलं बाहेर सांगायचं नाही, अशी शपथ मी घेतलेली. मी बंधू माधवांकडे गेलो आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर करून नोंद दोनदा वाचली. म्हणाले, ‘हे अक्षर विश्वनाथचं. आन निरोप घेऊन बाहेर गेल्तो तो मी. दोन्ही वेळा मीच. तिसऱ्यांदा पाठवाले लागले तं मी म्हटलं, मी नाही जात, तुमी जा.’ मी विचारलं, मग मावशींना सांगू का, नियम आहे. ते हसले. ‘अरे, तिची गोष्ट तिले सांगाले परवानगी कायची? ती तं तिलेच ठाऊक हाये, तुले नव्हती.’ आणि छापायचं? त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, ‘छाप. दार उघडून तिले आत घ्याले पाह्यजे होतं. आमी निरोप धाडत बसलो.’

मावशींना फोनवर ऐकू येत नव्हतं, आणि समोर जायचं मला धैर्य नव्हतं. मी पत्र लिहिलं. नऊ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. थरथरत्या मोठ्या अक्षरात दोनच ओळी: ‘यमुना, भातकुली. ताट हलकं घेजो.’ नोंदवहीत बंधूंची नावं जशी लिहिलेली असतात, अगदी तशी. ज्या खोलीत त्यांना कधी पाऊल टाकू दिलं नाही, तिथली रीत त्यांनी इतकी वर्षं बाहेर बसून पाठ केली होती. कार्ड हातात धरून मी आमच्या गॅलरीत उभा होतो. बायकोनं विचारलं, काय झालं, तर मी कार्ड तिच्या हातात दिलं.

रविवारी ताट घेऊन गेलो. मावशी धान्याच्या कोठीच्या दारात बसल्या होत्या. तीच त्यांची खोली. ताट उलटंसुलटं करून पाहिलं, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. ‘हं, हे हलकं हाये,’ म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, ‘पत्र लय लांब लिहितं तू. तीन दिवस लागले वाचाले. आन बैठकीतलं बाहेर सांगतलं, आता काढतीन तुले ते.’ मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, बंधू माधवांनी परवानगी दिली. ‘माधव? तो दोनदा आला होता बाहेर. दोन्ही वेळा पाणी घेऊन आला. निरोप सांगाले लाजे बिचारा.’ मग मी विचारलं, मावशी, तुम्ही कधी सांगितलं का नाही? त्या एवढंच म्हणाल्या, ‘सांगतलं असतं, तं तू त्या खोलीत झोपला असता काय?’

भिंतीला धरून त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि ताट चळतीच्या मधोमध सरकवलं. मी म्हणालो, मावशी, हे तुमच्यासाठी आणलं, तुम्ही जेवा यात. त्या हसल्या. ‘माह्यं कायले? ताटं पोट्ट्यायची असतात.’ ती आमची शेवटची भेट.

दोन आठवड्यांनी तो फोन आला. त्यानंतरच्या रविवारी जुनी मुलं अकोल्यात जमली. केस पिकलेली, पोट सुटलेली ‘मुलं’, कुणी तेल्हारा, कुणी दर्यापूर. बंधू माधवही काठी टेकत आले होते. मी त्यांना पाण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, ‘तिले आठवत होतं?’ भाषणं झाली नाहीत. आम्ही पंगतीला बसलो. यंदाच नवीन आलेला एक विद्यार्थी माझ्या समोर होता. त्यानं रीतीप्रमाणे ताटाच्या काठावरचं नाव वाचलं आणि शेजारच्याला विचारलं, ‘यमुना, भातकुली… हे कोण?’ शेजारच्याला माहीत नव्हतं. त्याच्या पलीकडच्यालाही नव्हतं. ज्यांना आठवून आम्ही सगळे तिथे जमलो होतो, त्यांचं नाव त्या पंगतीत कुणाला ओळखू आलं नाही. प्रकाशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

सांगायचं तर मलाच होतं, पण तोंडानं सांगता येईल असं वाटेना. मास्तर माणूस, पत्राची नक्कल ठेवायची सवय. ती पिशवीत होती, ती काढून वाचून दाखवली. घास तसेच ठेवून सगळ्यांनी ऐकलं. मंडळाचा इतिहास छापून होईल तेव्हा त्याच्या पहिल्या पानावरही हेच पत्र असेल, बंधू माधवांनी तसं ठरवलं आहे.

*

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितो आहे. अक्षर मोठं काढलं आहे, एका बैठकीत वाचू नका, डोळे दुखतील.

मावशी, मी मंडळाची वही वाचली. माझा अर्ज नामंजूर झाला होता आणि तुम्ही ओट्यावर जाऊन बसला होतात, हे मला आता कळलं. तुम्ही भातकुलीला गेलात म्हणून आम्ही त्या दिवशी करपलेल्या भाकरी खाल्ल्या आणि रात्री तुमच्याकडे तक्रार केली. तुम्ही दिवसभर काही खाल्लं होतं का, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

मला खोलीबद्दल लिहायचं आहे. त्या खोलीत एक खिळा होता, फार खाली ठोकलेला. माझा सदरा त्याला लावला की जमिनीला लागायचा, म्हणून मी वैतागायचो. आता कळतं, तो तुमच्या आरशाचा खिळा होता, तुमच्या उंचीला ठोकलेला. दुसऱ्या वर्षी मी तुम्हाला म्हणालो की भिंतींना धुराचा वास येतो, इथं आधी कोण राहत होतं कोण जाणे. दिवाळीआधी स्टुलावर उभं राहून तुम्ही स्वतः चुना मारला. मी पुस्तकांवर थेंब पडतात म्हणून तोंड वाकडं करून बसलो होतो. तुम्ही कोठीत झोपायला लागलात तेव्हा उंदीर हाकलायला झोपते असं सांगितलंत, आणि आम्ही तुम्हाला उंदरांची मावशी म्हणून हसलो. बी. ए. झाल्यावर तुम्ही मला विचारलंत, आता खोली कधी सोडतो. मला वाईट वाटलं होतं, की मावशींना माझी घाई झाली. प्रकाशभाऊ सांगतात, त्याच आठवड्यात तेल्हाऱ्याचाच आणखी एक उशिरा अर्ज केलेला मुलगा तुम्ही तिथे ठेवलात. खोली तुमच्याकडे परत आलीच नाही.

मी ताटावर चुकीचं नाव घातलं. सही त्यांची होती, जागा तुमची होती. ज्यानं जागा दिली त्याचं टाक, असं बाबांनी बरोबर सांगितलं होतं. मीच भलत्याकडे पाहिलं. जुनं ताट राहू द्या, विश्वनाथांनी सही केली ही गोष्टही खरी आहे. पण मी दुसरं ताट घेतो आहे. इतिहासाचं पुस्तकही पुन्हा लिहायला घेतलं आहे. तुम्ही म्हणाला होतात तसं ते अर्धंच झालं होतं.

रागावला असाल तर रागवा. पण उत्तर पाठवा.

तुमचाच,
अंजनगाव

ता. क. – काल भांड्याच्या दुकानात गेलो होतो. कोरणाऱ्यानं विचारलं, नाव काय घालू? मी म्हणालो, मावशी. तो म्हणाला, मावशी तर कुणाचीही असते साहेब, नाव सांगा, गाव सांगा. मी तसाच परत आलो. वह्या पाहिल्या, सगळीकडे ‘व्यवस्थापिका बाई’ एवढंच आहे. प्रकाशभाऊंना विचारलं, त्यांना माहीत नाही. बंधू माधवांना विचारलं, त्यांनाही नाही. मावशी, तुमचं नाव काय?